थोरली काय म्हणाली असती

धाकटीला लोकांनी धाकटी म्हणायचं सोडून द्यावं अशी वेळ केव्हाच येऊन गेली होती. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, नोकरी संपवून ती घरी बसली, तरी नात्यातली माणसं तिला धाकटीच म्हणत. आता धाकटी म्हटलं की कुठेतरी थोरली असायला हवी. ती बिचारी ऐन उमेदीत गेली, आणि ज्या वयात गेली त्या वयाला मागे टाकून धाकटी फार पुढे निघून आली होती. खरं तर तीच आता थोरली. पण असले हिशेब नात्यात कोण करत बसतं.

धाकटीने जन्मभर एकच काम केलं. एका साप्ताहिकात ‘ताईला विचारा’ नावाचं सदर होतं, ते ती लिहायची. लोक आपली दुखणी लिहून पाठवत: नवरा बोलत नाही, सासू बोलायची थांबत नाही, मुलगा ऐकत नाही, शेजारीण डोळ्यांत खुपते. ताई त्यांना उत्तर देई. ताई म्हणजे धाकटीच, पण वाचकांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्यापुढे दर आठवड्याला छापून येणारं एक चित्र होतं: गोल चष्मा, घट्ट अंबाडा, ओठांवर मंद हसू. चित्रकाराने ते कुणाला बघून काढलं देव जाणे. ही छापील ताई कधी रागावत नसे. ‘मला माहीत नाही’ असं तिने चुकूनही कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना ‘बाळ’ म्हणे, मिशा पांढऱ्या झालेल्या पुरुषालासुद्धा, आणि शेवट असा गोड करी की वाचणाऱ्याला वाटावं, ही आपल्या घरातलीच.

मग एक दिवस साप्ताहिक बंद पडलं. लोक हळहळले, धाकटीने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. लहानपणी ती काहीबाही लिहीत असे, कुणासाठी नाही, आपले हात शिवशिवायचे म्हणून. ते सुख नोकरीत कुठे हरवलं ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. आता ते परत मिळवायचं असं तिने ठरवलं, कोरे कागद आणले, टेबल खिडकीशी ओढलं आणि बसली.

पण सदर बंद झालं तरी ताई काही बंद झाली नाही. धाकटीने लिहिलं, ‘बाहेर झाड आहे.’ लगेच हात पुढे सरकला: ‘बाळ, झाडाकडून आपण धीर शिकावा.’ आता झाडाने कधी कुणाला काय शिकवलंय? ते आपलं उभं असतं. तिने कागद फाडला, दुसरा घेतला. पावसाबद्दल लिहावं तर पाऊस सांत्वन करायला लागे, मांजराबद्दल लिहावं तर मांजर उपदेश करी. नुसतं लिहितानाच असं होई असंही नव्हतं. बँकेच्या रांगेत दोन माणसं हमरीतुमरीवर आली की धाकटीच्या डोक्यात उत्तर तयार होऊ लागे. हातून पेला निसटून फुटला तर मागून कुणीतरी मायेने म्हणे, बाळ, दमलीस, जरा टेक. ती दचकून वळे. मागे कुणी नसे. पण तिथे आत्ताच कुणीतरी उभं होतं, अंबाडा नीट बांधलेलं, असं मात्र वाटत राही. एखादीला वाटेल, बरं आहे की, एकट्या बाईला तेवढीच सोबत. धाकटीला त्या सोबतीची धास्ती वाटायला लागली होती.

अशात तिची भाची आली. भाची म्हणजे थोरलीची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा ती नुकती कुठे शाळेत जायला लागली होती. आता तिच्या स्वतःच्याच बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. धापा टाकत जिना चढली, पाणी प्यायली, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “मावशी, आई असती तर तिने मला आत्ता पत्र लिहिलं असतं. तेवढं तू लिहून दे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार? तू तर जन्मभर तिच्याच आवाजात लिहिलंस.”

याला कारण धाकटीच होती. आईविना रडणाऱ्या पोरीला कुशीत घेऊन तिने एकदा सदराचं पान दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, हे बघ, ही तुझी आईच बोलते. पोर गप्प व्हावी म्हणून मारलेली थाप. पण पोर मोठी झाली तशी थापही तिच्याबरोबर मोठी झाली. दर आठवड्याला भाची ते पान वाची आणि आपली आई अशी होती असं समजून चाले. तो समज मोडायला धाकटीला धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात थोडं बरंही वाटे.

ती हो म्हणाली. भाची गेल्यावर टेबलाशी बसली आणि समोरचा चहा निवायच्या आत पत्र तयार झालं. हात आपोआप धावला. ‘माझ्या बाळा, आई होण्यासारखं सुख नाही’ इथून सुरुवात, ‘धीर धर, सगळं तुला आपोआप उमजेल’ असं मधे, आणि शेवट नेहमीसारखा गोड. धाकटीने ते मोठ्याने वाचून पाहिलं. ही तिची जुनी सवय. थोरली होती तोवर सदर लिहून झालं की ती तिला वाचून दाखवी आणि थोरली पोट धरून हसे. आत्ताही वाचून झाल्यावर धाकटी थांबली, ते हसू मनात ऐकू यावं म्हणून.

हसू आलं नाही.

तिने डोळे मिटले आणि थोरलीचा चेहरा आठवला. चेहरा आला, अगदी लख्ख आला. पुढचा टवका उडालेला दात, भुवईवरची खूण, सगळं जागच्या जागी. मग त्या चेहऱ्याने तोंड उघडलं आणि म्हटलं, बाळ, किती छान लिहिलंस.

थोरलीने जन्मात धाकटीला बाळ म्हटलं नव्हतं. गाढव म्हटलं होतं, घुबड म्हटलं होतं, रागात असली की याहून वाईट म्हटलं होतं. ते कसं म्हणायची ते मात्र काही केल्या आठवेना. शब्द आठवत होते, आवाज नव्हता. तो दात, ती भुवई, आणि आतून बोलतेय ती अंबाडेवाली.

तिने भावोजींना फोन लावला. भावोजी म्हणजे थोरलीचा नवरा, आता बराच थकलेला, कानाला जरा जड. तिने आडवळणाने विचारलं की भावोजी, तुम्हाला ताई बोलायची कशी ते आठवतं का. मग ते म्हणाले की शांत बाई होती, कधी आवाज चढवला नाही, तुझ्या सदरात वाचायचो ना, अगदी तशीच. याच माणसाला थोरलीने एकदा भर दुपारी दाराबाहेर उभं केलं होतं आणि मागोमाग त्याचे बूट खिडकीतून रस्त्यावर भिरकावले होते. सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. तेही हा माणूस विसरला. धाकटी हो का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. थोरलीच्या तर मेल्यावर सगळ्या खोडी गेल्या, आणि घालवल्या कुणी, तर सख्ख्या बहिणीने. नवऱ्याच्या डोक्यातून, मुलीच्या डोक्यातून आणि आता स्वतःच्याही डोक्यातून तिने थोरलीला उठवलं आणि त्या जागी एक गोडबोली बाई बसवली. थोरली एकदा गेली ती आजाराने. दुसऱ्यांदा ती आपल्या हातून गेली, असं धाकटीला वाटलं, आणि ती खिडकीशी बसून हमसून हमसून रडली. त्यातही मागून कुणीतरी म्हणत होतं, बाळ, रडून मन हलकं कर.

दुसऱ्या दिवशी ते पत्र टेबलावर तसंच पडलेलं होतं. त्याच्याकडे बघता बघता धाकटीला जुनी गोष्ट आठवली: सदर मुळात तयार कसं व्हायचं ती.

संपादकांनी पहिल्यांदा वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा तिच्या हातात दिला तेव्हा ती कोवळी पोर होती. संसाराचं तिला काय कळत होतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणावं तर ज्ञानही उसनंच आणायचं. ती गठ्ठा घेऊन थोरलीच्या स्वयंपाकघरात जायची. थोरली मटार सोलत बसलेली असे, निम्मे पातेल्यात, निम्मे तोंडात. धाकटी एकेक पत्र वाची आणि थोरली फटाफट निकाल देई. आता थोरलीचा सल्ला ऐकून कुणाचं भलं झाल्याचं एकही उदाहरण नव्हतं. तिच्या सांगण्यावरून धाकटीने मुलाखतीच्या आदल्या दिवशी स्वतःचे केस स्वतः कापले होते. शेजारच्या शिंप्याने तिचंच ऐकून सासऱ्याला तोंडावर खरं सांगितलं आणि ते घर त्याला कायमचं बंद झालं. कुणी लिहायचं, नवरा महिनोन् महिने बोलत नाही. थोरली म्हणायची, नशीबवान आहे, तिला म्हणावं आवाज करू नकोस, नाहीतर सुरू होईल. कुणी लिहायचं, सासू घर सोडून जात नाही. मग तू जा, आणि किल्ली घेऊन जा.

धाकटी हे सगळं हसत हसत उतरवून घेई आणि घरी गेल्यावर ओळीओळीने उलटं करी. थोरलीने निघून जा म्हटलं असेल तिथे थांब, भांड म्हटलं असेल तिथे समजून घे, हसून सोड म्हटलं असेल तिथे मनावर घे. शिंपी कापड उलट बाजूने शिवतो आणि मग सुलट करतो, तसलाच प्रकार. निघे ते इतकं शहाणपणाचं असे की संपादक मान डोलावत राहत. हे गुपित दोघी बहिणींपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. ताईचं शहाणपण म्हणजे थोरलीच्या वेडेपणाची मागची बाजू होती.

थोरली गेल्यावर काही आठवडे धाकटी मनातल्या मनात तिला पत्रं वाचून दाखवी, ती काय म्हणाली असती ते ऐके आणि मग उलटं करी. पण ते ऐकणं जिव्हारी लागायचं, आणि काम तर दर आठवड्याला दारात उभं. मग एकदा तिने ते मधलं ऐकणं गाळलं आणि थेट उलटंच लिहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा गाळलं. तिथून पुढे तिने थोरलीला काही विचारलंच नाही.

धाकटीने पत्र पुढे ओढलं. शेजारी कोरा कागद ठेवला. पहिली ओळ होती, ‘आई होण्यासारखं सुख नाही.’ हे उलटं करायचं. तिने लिहिलं, ‘आई होण्यासारखं दुःख नाही.’ आणि लिहिल्या लिहिल्या तिला कळलं की ही पण तीच बाई आहे, नुसते काळे कपडे घालून आलीय. थोरली असं सरळ रेषेत बोलायचीच नाही. धाकटीने ते खोडलं. बराच वेळ काहीच आलं नाही. खाली रस्त्यावर कुणी दुकानाचं शटर ओढलं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. ती पेन धरून तशीच बसून राहिली आणि तिने मनात पहिल्यांदाच, इतक्या वर्षांनी, थोरलीला सरळ विचारलं: ताई, काय लिहू गं?

“सुख?” थोरली म्हणाली. “पाय बघ माझे. भोपळे झालेत नुसते, चप्पल शिरत नाही. आणि वर जो तो विचारतो, काय खावंसं वाटतं. मला विचारणाऱ्यालाच खावंसं वाटतंय.”

धाकटी एकटीच फस्सकन हसली. पटापट उतरवून घेतलं, जसं पूर्वी घ्यायची. पुढची ओळ, धीर धर. धीर मी का धरू, डॉक्टरला सांग धरायला, त्याला काय, तो बाहेरच उभा. पुढची ओळ, सगळं उमजेल. डोंबल उमजेल, मला अजून तूच उमजली नाहीस, घुबडा, आणि तुला मी लहानपणापासून बघतेय. आवाज आला होता. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा, आणि ‘घुबडा’ म्हणताना त्या फुटक्या दातातून जराशी हवा सुटायची, तीसुद्धा.

मग धाकटीला कसली शुद्ध राहते. पत्र बाजूला पडलं. बुटांची गोष्ट लिहिली, शिंप्याची लिहिली, केस कापल्यावर आरशापुढे थोरली किती गंभीरपणे म्हणाली होती की वाईट नाही, एका बाजूने बघितलं तर, ते लिहिलं. जागा किती उरली ते बघायचं नव्हतं, कुणाचं समाधान करायचं नव्हतं, शेवट गोड व्हायची गरज नव्हती. मुळात शेवटच नको होता. हात शिवशिवत होते, अगदी लहानपणी शिवशिवायचे तसे, आणि तिला इतका आनंद झाला होता की त्याची तिला लाजच वाटली. मधेच खांद्यापाशी कुणीतरी हळूच म्हणालं, बाळ, हे जरा सौम्य कर.

“ही कोण बाई?” थोरलीने विचारलं. “हिला आत कुणी घेतलं?”

धाकटीने तेही लिहून टाकलं. मागून पुन्हा आवाज आला नाही.

आठवड्याने भाची पत्र न्यायला आली. टेबलावर दोन्ही होतं, ते गोड पत्र आणि हा कागदांचा ढीग. धाकटीने पत्र दिलं. भाचीने खुर्चीत टेकून ते वाचलं, एक हात पोटावर ठेवून, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अगदी आईच बोलतेय मावशी, म्हणाली. धाकटीच्या काळजाला ते टोचलं. इतके दिवस नसतं टोचलं, पण आता तिच्याकडे खरी थोरली होती. तिला राहवलं नाही. खरं सांगू का, तुझी आई जरा वेगळी होती, असं म्हणून तिने वरचा कागद उचलला आणि ते भोपळ्यासारख्या पायांचं वाचून दाखवलं.

भाची हसली. पण परक्याच्या विनोदावर आपण हसतो तशी. मग तिने प्रेमाने मावशीचा हात हातात घेतला.

“आई अशी नव्हती गं. मला आठवतं ना. मला खूप ताप होता. तिने कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, ताप पाहुणा असतो बाळ, आला तसा जातो. तिचं तेवढं एकच मला आठवतं, मावशी. बाकी काहीच नाही.”

ते वाक्य सदरातलं होतं. थोरली गेल्यानंतर कुठल्याशा आईला दिलेल्या उत्तरात धाकटीने ते लिहिलं होतं. संपादकांना त्यातला ‘पाहुणा’ आवडला नव्हता आणि तिने तो भांडून ठेवला होता. म्हणजे पोरीजवळ आईची एकुलती एक आठवण होती आणि तीही छापील. आता एवढं सांगायचं की गप्प बसायचं? सांगितलं तर तिच्याजवळ काहीच उरत नव्हतं. भाची तिच्याकडे बघत होती, डोळे अजून ओले, आईसारखीच भुवई.

“हो,” धाकटी म्हणाली. “असंच म्हणाली होती. मीच विसरले.”

“तू होतीस तिथे?”

“होते ना.”

भाचीने पत्र जपून पर्समध्ये ठेवलं, मावशीच्या गालाला गाल लावला आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरली. धाकटी खिडकीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. ही थोरली तिला कधीच द्यायची नाही, हे आता ठरलं होतं. नवऱ्याला नको, मुलीला नको, ती आता जगात एका जागीच राहणार होती, या कागदांवर.

मग ती टेबलाशी आली. होते ना, असं ती म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. ती खरंच तिथे होती. त्या तापाच्या दिवशी थोरलीने तिला बोलावून घेतलं होतं. तिने पेन उचललं आणि लिहायला लागली, काय येतं ते बघत.

खोलीचे पडदे ओढलेले होते. पोर पलंगावर तापाने फणफणत होती. थोरली खाली जमिनीवर बसली होती, पोरीचं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि तिचं तोंड भीतीने एवढंसं झालं होतं. थोरलीला घाबरलेलं धाकटीने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती म्हणाली, “धाकटे, मला काही बोलायला येत नाहीये. तू बोल तिच्याशी. तुला येतं छान.” मग धाकटी पलंगाच्या कडेला बसली. तिने पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, ताप पाहुणा असतो बाळ, आला तसा जातो.

पेन थांबलं. धाकटीने आपला उजवा हात उताणा करून पाहिला: पोरीला आठवत होता तो हात हाच, सदरात ते वाक्य नंतर आलं. मग पुन्हा लिहायला घेतलं, कारण खालून, जमिनीवरून, नाक ओढत थोरली म्हणत होती, “पाहुणा म्हणे. हाकल आधी त्या मेल्याला, माझ्या लेकीच्या अंगात कशाला राहायला आलाय.” आणि पाऊल काही तिने सोडलं नव्हतं. रात्रभर सोडलं नव्हतं. धाकटी लिहिता लिहिता हसली, मग रडली, मग चष्मा पुसून पुढचा कागद घेतला, कारण थोरलीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.